पडवी तेवढी राहिली

"साठ लाखांत राजवाडा उभा करतो की नाही, बघाच!" मालगुंडच्या नाक्यावर आत्मारामने जाहीर केलं, आणि घोटाळा तिथूनच सुरू झाला!

आत्मारामने तीस वर्षं मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढली होती. तिथं खिडकी नसते. म्हणून नव्या घराला खिडक्या बारा, त्याही जहाजासारख्या गोल! दिवाणखाना जहाजाच्या तोंडासारखा टोकदार! त्याच्या बायकोची, विमलाची, मागणी एकच होती.

"मला मागे पडवी हवी. मासे साफ करायला, कोकमाची सोलं सुकवायला, चार बाया आल्या तर टेकायला."

"एक काय, दोन घे!" आत्माराम म्हणाला.

जुनं घर पाडलं. नवरा-बायको मागच्या मांगरात राहायला गेले, जिथं पूर्वी गुरं आणि गवत असायचं. चार-सहा महिन्यांचाच तर प्रश्न होता!

पण आत्मारामची जीभ! सुतार येवो, फरशीवाला येवो, आधी कोकम सरबत, मग सगळी जागा फिरवणं, आणि शेवटी छाती फुगवून, "पैशाची काळजी नको! जन्मभर डॉलर कमावलेत!"

"अहो, दर विचारायच्या आधीच डॉलर कशाला सांगता?" विमला कपाळावर हात मारी. तोवर सुताराने दर वाढवलेला असे.

गवंडी भागोजी तर रोज नवीन बातमी आणायचा.

"जांभ्या दगडाच्या खानी बंद हायत, चिरा मिळत न्हाय! रेतीचा दर बगा! डिझेल वाढला! त्यात तुमच्या गोल खिडक्या. तीन चिरं फोडावं, तवा एक बसतो!"

"मग चौकोनी कर ना!"

"आता? सात बसवल्या की वो!"

साठाचे ऐंशी झाले, ऐंशीचे एक कोटी दहा! मंडणगडची काजूची बाग विकली. मग विमलाच्या नावावरची एफडी मोडली. कागद पुढे केला, तिने मुकाट सही केली. ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं आत्मारामला आता वाटतं.

शेवटी काटकसर करायची ठरली. पण कुठे?

"पुढचं काही कमी करायचं नाही! रस्त्यावरून दिसतं!"

मग मागचं गेलं. आधी कोठीची खोली, मग अर्धं स्वयंपाकघर, आणि शेवटी पडवी. "नंतर बांधू गं," आत्माराम म्हणाला. विमला तांदूळ निवडत राहिली.

वास्तुशांतीला अख्खी वाडी लोटली. दोन मिनिटं सगळ्यांनी तोंडं वासली. मग शेजारच्या आनंदीबाई गुळगुळीत फरशीवरून सुळकन घसरल्या आणि बसल्याजागी ओरडल्या, "मला कोनीतरी भायेर न्या रे!" त्या टोकदार दिवाणखान्यात धड बसायचं कुठं, तेच कुणाला कळेना.

थोड्या वेळाने आत्माराम बघतो तर दिवाणखाना रिकामा! हसण्या-खिदळण्याचे आवाज मांगरातून येत होते. सारवलेल्या जमिनीवर अख्खी वाडी दाटीवाटीने जेवत होती आणि विमला वाढत होती. तो दारात उभा राहिला. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"तुझी पडवी राहिली गं."

"राहिली," विमला म्हणाली आणि दुसऱ्याच्या पानात भात वाढू लागली.

"भागोजी, किती खर्च आला असता रे पडवीला?"

भागोजीने घास गिळला. "तुमच्या दोन खिडक्यांत झाली असती वो."

तेवढ्यात पुढे हॉर्न वाजला. पुण्याची गाडी, आत सहा माणसं!

"काका, रूम आहे का? समुद्राकडची?"

"हे हॉटेल नाही! घर आहे माझं!" आत्माराम गरजला.

मागून विमला पदराला हात पुसत आली. "किती दिवस राहणार? जेवायला मासे चालतील ना?"

"अगं, आपलं घर..."

"आपण मांगरात बरे आहोत. माझी एफडी भरायची आहे ना?"

आत्मारामने बॅगा उचलल्या, एकेक करून वरच्या खोलीत नेल्या. तो धापा टाकत खाली उतरतोय, तोच वरून आवाज आला,

"काका, या खिडकीतून समुद्र काय मस्त दिसतो हो!"

"हो, हो, दिसतो तर!" आत्मारामने ठोकून दिलं. हिशेबाच्या आणि भागोजीच्या मागे धावता धावता त्या खिडकीत तो अजून एकदाही बसला नव्हता.