बारावी टाचणी

टेलरनं भाताला अस्तर लावायचं ठरवलं, कारण एअर फ्रायरच्या टोपलीला भोकं होती आणि भाताचा दाणा न दाणा त्यातून खाली उतरत होता.

फ्रायर लेकीनं दिलेला, सोबत अटही तिचीच. आई गेल्यापासून बाबा चहा-बिस्किटांवर दिवस काढतात, हे तिला कळलं होतं. "रविवारी दुपारी येते. मला चिकन फ्राइड राइस करून वाढा. जमलं तर राहा इथे खुशाल. नाही जमलं तर शिलाई मशीन उचलायची आणि माझ्याकडे यायचं. मग कुरकुर नको." लेकीची माया टेलरला कळत होती. पण ज्या खिडकीच्या उजेडात चाळीस वर्षं सुईत दोरा ओवला, तो उजेड ट्रकमध्ये कसा भरायचा?

म्हणून रविवारी सकाळीच त्यानं सॉस लावलेलं चिकन भाजून घेतलं. दुपार होत आली तशी कालचा भात, गाजर, कांद्याची पात त्यात मिसळली. कापड कापायच्या कागदांतला हाताला लागला तो कागद टोपलीच्या मापानं कापला, वर भात पसरला. आतला पंखा फिरला आणि कागदाच्या कडा उठून भातावर पांघरूण घालून बसल्या. टेलरनं शांतपणे कडेनं चुण्या घातल्या, त्यांना टाचण्या मारल्या, मध्ये दोनदा चमच्यानं ढवळलं. वास असा सुटला, की शेजारच्या निवृत्त नर्सबाई दारात हजर.

"झकास, भाऊ! आणि या टाचण्या?"

"अस्तराच्या. बारा आहेत."

"काढून मोजा. आमच्याकडे पोट शिवायच्या आधी सुया मोजायचे."

"बाई, मी पँट्स शिवतो. पोटं नाही."

"हा भात जाणार कुठे मग?"

टेलरनं मोजल्या. अकरा. पुन्हा मोजल्या. अकराच. खाली पडलेल्या टाचण्या वेचायचा लोहचुंबक त्यानं भातावरून फिरवला, तान्ह्या बाळाच्या अंगावरून हात फिरवावा तसा, हळू. काही लागलं नाही.

"टाकून द्या. मी पाव आणते," नर्सबाई म्हणाल्या.

"आणि लेकीला काय सांगू?"

तेवढ्यात बेल वाजली. लेक आत आली, वास घेतला आणि सरळ बशी भरून घेतली. "बाबा! जमलं की हो!"

टेलरनं तिच्या हातातली बशी काढून घेतली. "थांब. टाचणी आहे त्यात."

"कुठे?"

"ते कळलं असतं तर काढली नसती का?" त्यानं मान खाली घातली. "मशीन कधी उचलायची ते सांग."

लेकीनं कापणीच्या टेबलावर स्वच्छ चादर अंथरली आणि सगळा भात त्यावर ओतला. तिघं निवडायला बसली. दाणा इकडे, दाणा तिकडे. मधूनच आईच्या गोष्टी निघाल्या, मधूनच कुणी गाजर तोंडात टाकलं. अर्ध्या तासानं लेकीच्या बोटाला टोचलं. चिकनच्या तुकड्यात टाचणी डोक्यापर्यंत रुतून बसली होती, टोक तेवढं बाहेर.

मग तिचं लक्ष अस्तराच्या कागदाकडे गेलं. त्यावर पेन्सिलीनं लिहिलं होतं: पोस्टमनची पँट, सीट बेचाळीस इंच.

"बाबा, पोस्टमनच्या पँटीत भात शिजवलात?"

"नुसता कागदी नमुना आहे गं. पँट अजून कुठे शिवलीय!"

ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. गार झालेला भात पुन्हा गरम केला, बिनटाचणीचा, आणि तिघांनी मिळून संपवला. बशी धुता धुता लेक म्हणाली, "मशीन राहू दे इथेच."

"अगं, पण टाचणी..."

"टाचण्या मोजल्यात ना? आणि एक कमी भरली तर सांगितलंत. असा माणूस एकटा राहू शकतो."

नर्सबाई जराशा खाकरल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

"पुढच्या रविवारी ह्यांनाही घेऊन येते," लेक म्हणाली.

टेलरचा चेहरा उजळला. "जावईबापूंना तिखट चालतं का?"

"ते नंतर बघू, बाबा. निवडायला एक माणूस कमी पडत होता."