बरणीतला नमुना

“दत्तोबा, पुन्हा तक्रार!” नसीरशेठांनी कारखान्यात पाऊल टाकताच आरोळी ठोकली. “स्टेशनावर गिऱ्हाईक म्हणतंय, करवंदाच्या लोणच्याला पूर्वीची चव नाही!”

दत्तोबा केदारी हा लोणावळ्यातल्या त्या लोणच्याच्या कारखान्याचा माल-मॅनेजर. म्हणजे माल बनवणार दुसरे, विकणार तिसरे आणि बोलणी खाणार दत्तोबा. शेठला माल स्वस्त हवा, मेलगाडीच्या खिडक्यांशी बाटल्या विकणाऱ्या बजरंगला झणझणीत हवा, आणि दत्तोबाला हवा तो मुक्ताबाईच्या हातचा. मुक्ताबाई त्याची बायको. हे लोणचं मुळात तिचंच. तिनं कधी काही मापून घातलं नाही. मूठ आणि चिमूट एवढीच तिची वजनमापं. गेल्या पावसाळ्यात ती तापानं गेली आणि मूठही तिच्याबरोबर गेली.

तिनं घातलेली शेवटची बरणी तेवढी घरी होती. या तक्रारीपायी दत्तोबानं छातीवर दगड ठेवून ती कारखान्यात आणली, नमुना म्हणून. नवा घाणा, म्हणजे एका वेळी घातलेला माल, निघाला की नमुन्याशी ताडून पाहायचा आणि आपण ‘पास’ म्हटल्याशिवाय बाटल्या भरायच्या नाहीत, असा नियमही त्यानंच घातला. नियम चोख होता. फक्त लोणचं ताडायचं तर ते खावं लागतं, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

पहिला घाणा खारट निघाला. ते ठरवायला शेठनं नमुना चांगला चमचा भरभरून खाल्ला. दुसरा तिखट निघाला. त्या दिवशी बजरंग घरून भाकरीच घेऊन आला.

“भाकरी कशाला रे?” दत्तोबानं विचारलं.

“नुसत्या लोणच्यानं जीभ बधिर हुती, भाऊ. फरक कळाया नको व्हय?”

पुढच्या खेपेला शेठनं मुंबईच्या पाहुण्यांनाही बसवलं. त्यांचं मत जुळेना, म्हणून पुन्हा वाढलं. दत्तोबाला तोंड दाबून बुक्क्यांचा मार. माल नापास करावा तर बरणी आणखी खाली जाणार. पास करावा तर मुक्ताच्या लोणच्याच्या नावावर भलतंच काही खपणार. बरणी संपली की बायको दुसऱ्यांदा जाणार होती, आणि या वेळी तो स्वतःच चमचे पुरवत होता.

शेवटी त्यानं बरणीकडं पाहणंच सोडलं. ती सांभाळायचं काम लोणच्याच्या खोलीतल्या सरुबाईकडं दिलं.

असाच कितवा तरी घाणा निघाला. शेठनं नवा चाखला, नमुना चाखला. “अरे, हुबेहूब!”

बजरंगनं भाकरी मोडली. “तीच चव, शेठ! डोळं झाकून सांगतो.”

दत्तोबानं नमुन्यातलं एक करवंद जिभेवर ठेवलं आणि त्याचे डोळे भरून आले. पदराला हात पुसत मुक्ता समोर उभी राहिली. मग त्यानं नवं चाखलं. अगदी तेच! “पास,” तो कसाबसा म्हणाला. शेठनं त्याची पाठ थोपटली, आणि बजरंग बाटल्या आणायला पळाला.

खोलीत तो आणि सरुबाई दोघंच उरल्यावर दत्तोबानं बरणी पोटाशी धरली. “सरुबाई, हिचं काम झालं. घरी न्हेतो आता. अर्धी तरी उरली, देवाची किरपा.”

सरुबाई घुटमळली. “भाऊ, ती मागल्याच खेपंला संपली हुती.”

“मग ह्ये काय?”

“आजच्याच घाण्यातलं भरलंया. तुमच्या घरचं भांडं, रिकामं कसं परत द्यायचं? रीत हाय का आपल्यात?”

दत्तोबानं झाकण उघडून आत पाहिलं. शेठ फसला, बजरंग फसला, ते एक वेळ चालण्यासारखं होतं. पण तो संसारभर तिच्या हातचं जेवला होता, आणि आज कारखान्याच्या लोणच्यावर रडला होता. मुक्ताची चव त्याच्या जिभेवरून कधी उतरली, हे त्याला कळलंसुद्धा नव्हतं.

“चुकलं का माझं?” सरुबाई रडवेली झाली. “रिकामी करून देऊ?”

“नगं.” दत्तोबानं झाकण घट्ट लावलं. “संपली म्हंजी पुन्हा ह्याच घाण्यातलं भरून दे. फकस्त मला सांगू नगंस.”