बबनराव आणि बेशिस्त समुद्र

समुद्र पाहिला की माणसं गप्प होतात, असं मी अनेक पुस्तकांत वाचलं आहे. आमचे मेहुणे बबनराव समुद्र पाहिला की भांडायला उठतात.

पहिल्यांदा दिवेआगरला सुरूच्या बनातून आम्ही वाळूवर आलो तेव्हा सकाळचं कोवळं ऊन होतं आणि लांबपर्यंत आमच्याशिवाय कोणी नव्हतं. मी चष्मा पुसून काहीतरी उदात्त वाटून घेण्याच्या तयारीत होतो. बबनरावांनी कमरेवर हात ठेवले, डावीकडून उजवीकडं सावकाश मान फिरवली आणि म्हणाले, "दाजी, एवढं पानी. पर भिजतं किती?"

"काय भिजतं?"

"रान वो! एक एकर तरी भिजतंय का ह्याच्यावर? नुसतं यायचं आन् जायचं. ह्याला कुनी अधिकारी हाय का न्हाई?"

बबनराव माझ्या बायकोचे धाकटे भाऊ. नेवाशाला आमच्या घरापासून सायकलच्या अंतरावर त्यांचं गाव. सारी नोकरी कालव्यावर पाटकरी म्हणून झाली. पाटकरी म्हणजे धरणातून पाणी सुटलं की ते कोणाच्या शेतात, कधी आणि किती वेळ जायचं हे बघणारा माणूस. आमच्याकडं पाणी पाळीनं येतं. बबनराव त्याला 'रोटेशन' म्हणतात, आणि हा शब्द ते देवाचं नाव घ्यावं तसा घेतात. निवृत्त झाले तरी जगातली प्रत्येक गोष्ट ते त्याच मापानं मोजतात. पुढाऱ्याचं लांबलचक भाषण संपलं की शेजाऱ्याला विचारतात, "पर भिजलं किती?" मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. एकदा माझ्या पुस्तकांच्या कपाटासमोर उभं राहून त्यांनी मलाही विचारलं, "दाजी, एवढं वाचलं. भिजलं किती?" मी हसलो. उत्तर मात्र अजून सापडलेलं नाही.

मागच्या पावसाळ्यात माझी बायको, सुमन, गेली. त्यानंतर बंगळूरच्या लेकीनं धोशा लावला, "बाबा, एकटे राहू नका, इकडं या." मी हो म्हणालो. पुस्तकं वाचनालयाला द्यायची, घराला कुलूप लावायचं आणि मे महिन्यात नातवाला सुट्टी लागली की ती न्यायला येणार, असं ठरलं. ठरलं म्हणजे तिनं ठरवलं, मी मान हलवली. त्या दिवसांत मान हलवणं एवढं एकच काम मला व्यवस्थित जमत होतं.

बबनरावांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि अंगणातल्या लिंबाकडं बघितलं. मग म्हणाले, "जायच्या आधी एकदा कोकन बघू."

"तुम्हाला कोकण कशाला?"

"मानसानं बघू न्हाई व्हय?"

त्या 'एकदा'चं तीनदा झालं. दिवेआगरहून परत येताना ताम्हिणी घाटात ते म्हणाले, "शेखाडी, आरावी राह्यलंच की." ते बघून परतताना पुन्हा त्याच घाटात, "दाजी, खाडीच्या पल्याडचं राह्यलं." डोंगराच्या कडेनं जाणारा तो रस्ता, खाली निळं पाणी, माडांत दडलेली छोटी छोटी गावं, हे सगळं मला आवडू लागलं होतं. पण माझ्या चालकाला, म्हणजे बबनरावांना, त्यातलं काही आवडत असल्याची खूण दिसत नव्हती. आपल्या जुन्या व्हॅनमध्ये बाजरीच्या कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि घरच्या पाण्याचा कॅन भरूनच ते निघत. मासळीच्या वासानं ते नाकाला उपरणं लावत. ओल्या वाळूत चपला घालून चालत, आणि चपला तुटल्या की समुद्राला शिव्या देत.

खाडी ओलांडायला तिकडं जंगलजेटी असते, गाड्या वाहून नेणारी मोठी बोट. बाकी सगळे गाडीतून उतरून कठड्याशी वारा खात उभे राहिले. बबनराव व्हॅनमध्येच बसले, ब्रेकवर पाय दाबून.

मी खिडकीतून म्हटलं, "अहो, हँडब्रेक ओढलाय ना? बाहेर या."

"व्हॅनचा वढलाय. बोटीचा कुनी वढलाय का, ते इचारा."

वेळास बघून आम्ही केळशीला मुक्कामाला गेलो. तिथं एका काकूंच्या घरी राहायची आणि जेवायची सोय होती. काकूंनी केळीच्या पानावर आमटीभात वाढला आणि बबनरावांनी शेजारी आपला डबा उघडला.

"हे हो काय?" काकूंचा आवाज चढला. "मासे नकोत तर नकोत, पण आमची आमटीसुद्धा नको?"

"राग मानू नका काकू. पानी बदललं की पोट बदलतं."

"आमचा समुद्र नको, आमचं पाणी नको, मग आलात कशाला एवढ्या लांब?"

बबनराव चटणीत तेल घालायला लागले. एरवी कलेक्टरला उलट बोलणारा हा माणूस त्या प्रश्नापुढं गप्प राहिला, हे माझ्या लक्षात आलं. पण मी काही विचारलं नाही. काही न विचारणं हा माझा जुना गुण आहे आणि त्याला मी आजवर सभ्यता समजत आलो आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही किनाऱ्यावर गेलो. ओहोटी होती. वाळू सपाट, टणक, सिमेंटसारखी. आमच्याकडं नदीचं पात्र नेहमी कोरडंच, त्यामुळं गाडी पात्रात नेऊन उभी करणं यात आम्हाला काही वावगं वाटत नाही. बबनरावांनी व्हॅन थेट पाण्याजवळ नेली.

"इथं लावू नये म्हणतात," मी म्हटलं.

"पानी सुटायच्या आधी भोंगा हुतो, दाजी. पाटाचं असो न्हाईतर दर्याचं, सांगितल्याबिगर पानी सोडत न्हाईत. मानसं वाहून जातील की!"

मग त्यांनी मला विचारलं की हे पाणी असं मागं-पुढं होतं ते कशानं. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच माझ्या पुस्तकांतलं काही विचारलं होतं. मी खुश झालो. वाळूत काडीनं पृथ्वी काढली, चंद्र काढला, पौर्णिमा-अमावास्या समजावून दिली. भरती येते कशी, याचं इतकं सविस्तर विवेचन चाललं होतं की ती आली आहे हे आम्हा दोघांनाही कळलं नाही. माझा चंद्र पुसला गेला तेव्हा मी मान वर केली. व्हॅनची चाकं पाण्यात होती.

"भोंगा न्हाई झाला!" बबनराव ओरडले. मला वाटतं, गाडीपेक्षा त्यांना त्या बेशिस्तीचंच दुःख जास्त झालं.

जाळी विणत बसलेली माणसं दोर घेऊन धावली. सगळ्यांनी मिळून व्हॅन ओढली. मीही दोराला हात लावला होता, पण तो ओढण्यासाठी नव्हे, पडू नये म्हणून. गाडी वर आल्यावर त्यांच्यातल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "कुठले तुम्ही?"

"नगर जिल्हा," मी म्हटलं.

"तरीच!" तो म्हणाला, आणि सगळे पोटभर हसले.

इंजिनात पाणी शिरलं होतं. मेकॅनिक दुसऱ्या दिवशी दापोलीहून येणार होता. दुपारी आम्ही काकूंच्या पडवीत बसलो होतो. माझी विजार अजून ओली होती. बबनराव म्हणाले, "बरं झालं. एक मुक्काम वाढला."

मी रागावलो. मला रागावता येत नाही, त्यामुळं आवाज फक्त चिरका होतो. "बबनराव, मला घर आवरायचंय. तुम्हाला समुद्र आवडत नाही, मासे आवडत नाहीत, इथलं पाणीही चालत नाही. मग का फिरवताय मला?"

ते पडवीच्या खांबाला टेकले.

"आक्का व्हती तवा मी कवाबी येत हुतो. येता-जाता. कशाला आलास, आसं कुनी इचारलं न्हाई. भयनीच्या घरी यायला काय काम लागतं? आता ती न्हाई. दाजीच्या दारात रोज जाऊन बसलो तर लोक म्हनतील, ह्याचं काय आडलंय तिथं? निमित्त पायजे, दाजी. कोकनाला न्यायचं म्हनलं की ठरवायला चार येळा यायला मिळतं." उपरण्यानं तोंड पुसून म्हणाले, "माझ्या घरात समदे हायेत. मी आबा हाय, सासरा हाय. पर बबन्या म्हननारं एकच घर व्हतं. त्यालाबी कुलूप लागलं, मंग संपलं."

हे मी आधी विचारलं नव्हतं, ती काही सभ्यता नव्हती. इतके महिने मी समजत होतो की त्या घरातून फक्त माझं माणूस गेलं आहे. माझ्या पुस्तकांत दुःखावर एक अख्खा खण आहे. पण भावाला बहिणीच्या नवऱ्याच्या दारात यायला निमित्त लागतं, हे त्यात कुठंच नव्हतं.

नेवाशाला परतल्यावर मी लेकीला फोन केला. म्हटलं, मे महिन्यात तुम्हीच सगळे इकडं या, सुट्टी इथं घालवा. तिनं विचारलं, "आणि नंतर?" मी म्हटलं, नंतर तुम्ही परत जा. ती रुसली. मग हसली.

बबनराव मात्र आठवडाभर फिरकले नाहीत. एवढं सगळं बोलून बसल्याचा संकोच वाटत असावा. मीही जाऊ-जाऊ म्हणत घरातच राहिलो. शेवटी एका सकाळी फाटकाशी सायकल वाजली. ते आत न येता फाटकाची कडी धरून उभे होते.

"ते… तुमच्या नळाला पानी येतंय का, बघावं म्हनलं."

"येतंय."

"दाब हाय ना चांगला?"

"आहे."

त्यांनी मान हलवली. आणखी काही सुचतंय का ते बघितलं. सुचलं नाही. सायकल वळवायला लागले.

"बबनराव," मी म्हटलं, "काही काम नसेल तर आत या."

ते फाटक उघडून आत आले. मग त्यांनी सायकल भिंतीला टेकवली आणि पायरीशी चपला काढल्या.