कुंदाकाकूंची मोरी-तपासणी

कुंदाकाकू आमच्याकडे आल्या की आधी मोरीत जातात. चपला दारात, पिशवी सोफ्यावर आणि मी "बसा हो काकू" म्हणेपर्यंत बाई मोरीत. पहिल्यांदा मला वाटलं, लांबून आल्या असतील, अडलं असेल. पण त्या राहतात आमच्या समोरच्याच घरात. दोन मिनिटांनी बाहेर आल्या तेव्हा हातात आमचा अंगाचा साबण होता आणि चेहरा एक्स-रे बघणाऱ्या डॉक्टरसारखा.

"आठ दिवसांत इतकाच झिजला?" त्या म्हणाल्या. "आंघोळी करता का नाय गो तुम्ही?"

साबण त्यांनीच दिलेला होता. पांढरं कमळ, पाकळ्यांच्या टोकांना गुलाबी छटा, मधे पिवळे केसर. असलं कमळ काखेत घासायचं कसं, हा माझ्यापुढचा प्रश्न होता. मी ते बशीत ठेवून दुकानातल्या साबणाने आंघोळ करत होते आणि अधूनमधून कमळावर पाणी शिंपडत होते. हे ज्ञान काकूंपासून लपवण्याइतकी हुशारी मला नंतर आली.

आमच्या पेणच्या रामवाडीत कुंदाकाकूंना ओळखत नाही असं घर नसेल. पस्तीस वर्षं त्यांनी गणपतीच्या कारखान्यात रंगकाम केलं. पुढे कंबर धरली, पाटावर तासन्‌तास बसवेना, तेव्हा ते सुटलं. यजमान आधीच गेलेले, मुलगा रोह्याला. घरात बसून भिंतींशी किती बोलणार? मग एक दिवस मोबाइलवर त्यांनी कुठल्याशा बाईला साबण ओतताना बघितलं आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "ही एवढी नटूनथटून करते काय, तर साच्याचं काम. ते तर आमच्याकडे पोरंसोरं करतात."

झालं. पारदर्शक साबणाची लादी घरी आली. ती सुरीने खोबऱ्यासारखी चिरायची, पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यावर दुसऱ्या भांड्यात वितळवायची, रंग आणि वास घालायचा, साच्यात ओतायची. वर बुडबुडे आले की स्पिरिटचा फवारा मारायचा. साचे काकू स्वतःच रबराचे काढतात. कमळ, कैरी, शंख, जिताडा. हो, जिताडा मासासुद्धा. त्याचं खवलं न्‌ खवलं मोजून घ्यावं. फक्त वास मोगऱ्याचा, त्यामुळे आमचं मांजर बिचारं अजून गोंधळलेलं आहे.

एकच साचा त्यांनी काढला नाही. एकदा जवळच्या एका बंगल्यावर सुट्टीला आलेली शहरी मंडळी कौतुकाने म्हणाली, "काकू, पेणला येऊन साबणाचा गणपती नाही?" काकूंनी त्यांना नीट खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "देवाला बगलेत घासणार तुम्ही?" मंडळी पाणी न पिता गेली.

आता सगळं नीट चाललं होतं, पण काकूंचा एक हट्ट होता. साबण झिजला पाहिजे. शोकेसमध्ये ठेवलेला साबण दिसला की त्यांचा जीव जायचा. "गणपती कसा, आणला, पुजला, पाण्यात सोडला. मी रंगवलेला एकतरी राहिलाय का कुठं? म्हणून तर दर वर्षी पुन्हा हात चालायचा. ठेवून द्यायला बनवत नाय मी." म्हणून ही तपासणी. साबण द्यायचा आणि आठ दिवसांनी धाड घालायची.

लोक काय कमी असतात? काकू गल्लीत दिसल्या की घरोघरी धावपळ. आमच्या ह्यांनी एकदा घाईघाईत शंख मोरीच्या कडाप्प्यावर घासून अर्धा केला आणि साळसूद चेहऱ्याने पेपर वाचत बसले. काकू शंख घेऊन बाहेर आल्या.

"दगडावर घासलाय."

"छे हो काकू, अंगाला लावला."

"अंगावर फिरलेल्या साबणाच्या कडा आधी जातात. ह्याच्या कडा जागेवर हायत न्‌ पोट सपाट झालंय. तुमचं अंग काय कडाप्प्याचं हाय?"

ह्यांनी पेपर आणखी वर धरला. त्या दिवसापासून आमच्या घरात कुंदाकाकूंचा साबण खरोखर वापरला जाऊ लागला. आणि मग काकू साबण वाचू लागल्या. ह्यांना अंगाच्या साबणानेच दाढी करायची घाणेरडी खोड आहे, ती लग्नानंतर मला कळायला वर्ष लागलं. काकूंनी एका साबणात सांगितली. वरच्या आळीतल्या एका घरात साबण हातात धरून त्या म्हणाल्या, "सूनबाईला दिवस गेलेत का? वास सोसत नाय तिला, हात लावलेला नाय." गेले होते. घरात अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

ह्याच गुणाने त्यांचा घात केला. नातीच्या, ओवीच्या, चौथ्या वाढदिवसाला काकू रोह्याला मुलाकडे गेल्या. हॉल पाहुण्यांनी भरलेला, सूनबाई प्राजक्ताच्या माहेरची सगळी मंडळी आलेली, केक कापायची तयारी. काकू सवयीने बाथरूममध्ये गेल्या आणि बाहेर आल्या त्या कागदसुद्धा न काढलेलं कमळ हातात नाचवत. "चार महिने झाले! चार महिन्यांत माझ्या साबणाला पाणी लागलं नाय ह्या घरात!" प्राजक्ता सगळ्यांसमोर म्हणाली, "आई, माझ्या बाथरूममध्ये पुन्हा पाऊल टाकायचं नाही." काकू केक न खाता पेणच्या गाडीत बसल्या. आणि त्यानंतर दोन वर्षं गेल्या नाहीत. बोलावणंही आलं नाही. नितीन, म्हणजे मुलगा, कंपनीतून शिफ्ट संपली की कधी फोन करायचा, जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, एवढंच. आई आणि बायको यांच्यामध्ये सापडलेला माणूस जितकं बोलतो तितकंच.

मी रोह्याला शाळेत शिकवते, रोजची ये-जा. त्यामुळे टपालाचं काम माझ्याकडे आलं. दर महिन्याला काकू एक जिताडा प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून द्यायच्या. असं गुंडाळलं नाही तर आपल्याकडच्या दमट हवेत साबणाला घाम फुटतो. "ओवीला दे. न्‌ येताना मागचा उरलेला तुकडा आण. बघू दे मला."

मी द्यायचे. प्राजक्ता दारातच घ्यायची, चहा विचारायची आणि जिताडा हॉलमधल्या शोकेसमध्ये ठेवायची. तिथे जिताड्यांची रांग लागली होती. हे काकूंना कोणत्या तोंडाने सांगू? मी आपला मधला मार्ग काढला. आमच्या घरातला जिताडा चापून वापरला, पापडाएवढा पातळ केला आणि "हा घ्या, ओवीचा" म्हणून काकूंच्या हातात ठेवला. त्यांनी तो उजेडाकडे धरला. नखाने हळूच खरवडला.

"ह्यात दाढीचे केस हायत," त्या म्हणाल्या. "माझा नितीन दाढी करत नाय, ठेवतो."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. काकूंनी तो तुकडा पुसून खिडकीत ठेवला. "असू दे. माझ्यासाठी झिजवलास ना तू. पण खोटं आणू नको गो पुन्हा." आणि चहा टाकायला आत गेल्या. त्या दिवशी चहात साखर नव्हती, पण मी मुकाट प्यायले.

पुढच्या महिन्यात मी प्राजक्ताला स्पष्ट सांगायचं ठरवून गेले. भाषण पाठ केलं होतं, अगदी सातवी ब ला सुनावते तसं. दार उघडलं ते ओवीने. नुकतीच आंघोळ झालेली, केसांतून पाणी गळतंय, टॉवेल फरफटतोय आणि मुठीत एक गुळगुळीत, बिनखवल्यांचा, बिनशेपटीचा जिताडा. मी शोकेसकडे बघितलं. रांगेत जागोजागी फटी होत्या.

प्राजक्ता मागून आली आणि लाल झाली. "हिला दुसरा साबण चालतच नाही, बाई. गरम पाण्यात बुडवते आणि दाबत बसते. मी... मी बोलले नाही कुणाला. त्यांना वाटलं असतं, जिंकल्या."

"आजीला दाखवायचाय," ओवी म्हणाली आणि मासा माझ्या हातात कोंबला. मी प्राजक्ताकडे बघितलं. ती टॉवेलने लेकीचं डोकं खसाखसा पुसत होती.

"न्या," ती म्हणाली. "पण बघून काय म्हणाल्या, ते मला सांगाल?"

संध्याकाळी मी तो तुकडा काकूंच्या पुढ्यात ठेवला. म्हटलं, आता सुरू होईल: कडा, पोट, गरम पाणी, थंड पाणी. काकूंनी तुकडा नुसता तळहातावर घेतला. मऊ असताना मुठीत दाबलेल्या साबणावर चार खळगे उमटले होते, चार बोटांचे. काकूंनी त्यातल्या एकात आपली करंगळी ठेवली. मग दुसऱ्यात. मग चारी बोटं त्या खळग्यांवर टेकवून बसून राहिल्या.

"हात वाढला गो तिचा," त्या म्हणाल्या. "माझी करंगळी बसते ह्यात. वाढदिवसाला माझं एक बोट धरायला तिची अख्खी मूठ लागत होती."

पस्तीस वर्षं दर भाद्रपदात हजारो मूर्तींना निरोप देऊन जिच्या डोळ्यांत मी कधी पाणी बघितलं नाही, ती बाई पदराने साबणाचा तुकडा टिपत होती. साबण तर मी आणला तेव्हा कोरडा होता.

"प्राजक्ताने विचारलंय, बघून काय म्हणाल्या ते सांगा म्हणून," मी म्हटलं. "काय सांगू?"

काकूंनी नाक पुसलं. उठल्या, खुंटीवरची पिशवी काढली, झटकली.

"तिला सांग, रविवारी सकाळच्या गाडीने येते. न्‌ सांग, तिच्या मोरीत पाऊल टाकणार नाय. हातपाय धुवायचे तर पेणवरनं धुवून येईन."