एका दमात महासागर ओलांडिल्याची आणि मधल्या बेटाची बखर

श्रीवायुदेवास दंडवत. ज्याचे पाठबळे पक्षी उडतो आणि मनुष्यही उडतो, आणि ज्याची मर्जी फिरली असता दोघांसही निमूट खाली बसावे लागते, त्याचे स्मरण करून शके एकोणीसशे चाळीस, विलंबी नाम संवत्सरे, मार्गशीर्षमासी जे वर्तमान घडले ते जैसे ऐकिले तैसे लिहिले आहे. महासागराचे पश्चिमतीरी एक राज्य होते. त्याचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही, आणि शेजारच्या राज्याचेही घेत नाही, म्हणजे कोणास वाईट वाटावयास नको. दोन्ही राज्यांची विमाने पैलतीरास उतारू नेत आणि आणीत, आणि वाटेत मधले बेट म्हणून ठिकाण होते तेथे उतरून तेल भरीत. बेटावर आमचे राज्याची जैतूबाई म्हणून नाकेदारीण होती. तिचा रिवाज ऐसा की, कोणीही उतरो, आधी गूळपाणी द्यावे आणि कोठून आला, का आला, हे पुसू नये; आणि ज्याने गूळ खाल्ला त्याने बेटावरचे दिसले ते बेटावरच ठेवावे. हा क्रम वाडवडिलांपासून चालत आला होता आणि कोणाची तक्रार नव्हती.

मग एके वर्षी शेजारच्या राज्याने दवंडी पिटविली की, आमचे विमान मध्ये कोठेही भुईस न टेकता एका दमात जाईल आणि एका दमात येईल. हे वर्तमान आमचे राजियांचे कानी पडले आणि त्या दिवसापासून त्यांस जेवण गोड लागेना. दिवाण अंतोपंत यांस बोलावून म्हणाले, "शेजारी न थांबता जातात आणि आमचे लोक बेटावर गूळ चघळीत बसतात. ही काय शोभा?" अंतोपंत साठीचे, शब्दाचे पक्के, आणि शब्दाच्या पक्क्या मनुष्यास जी एक खोड असते ती त्यांसही होती, म्हणजे शब्द फार लवकर देत. भर दरबारी उभे राहून बोलिले, "महाराज, दसऱ्यास आपले विमान एका दमात जाईल. आणि उतारू घेऊन निघालेले आपले विमान मध्ये कोठे टेकले, तर ही पगडी पायी ठेवीन आणि दिवाणगिरी सोडीन." राजे बहुत संतोष पावले आणि विडा दिधला. अंतोपंतांनी तो उचलिला, आणि घरी गेल्यावर कुटुंबाने पुसिले की, वाऱ्याशी कोणी बोलून ठेविले आहे काय, तेव्हा पंत रागावून जेवावयास बसले.

मग जोश्यांनी पंचांग पाहून मुहूर्त काढिला, आणि दसऱ्यास विमान निघाले, आणि पश्चिमेचा वारा पाठीशी असल्याने ऐसे गेले की पैलतीरास पोचून तेल शिल्लक राहिले. खबर येताच हत्तीवरून साखर वाटिली आणि कवींनी कवने केली. ते विमान पुढे चार खलाशी घेऊन रिकामे परत आले, बेटावर तेल भरून सावकाश आले, आणि त्याकडे कोणी पाहिलेही नाही. आमचे राज्याची रीतच ऐसी की निघण्याचा मुहूर्त पाहावा. परतण्याचा मुहूर्त जोशी काढीत नाही आणि दिवाण पुसत नाही. निघताना "येतो" म्हणावे आणि ते येणे देवावर सोपवावे, यात वर्षानुवर्षे कोणाचे बिघडले नव्हते.

परंतु विमानदळाचे मुख्य सारंग, म्हणजे विमान हाकणारे, धाकोजी, ज्यांचा जन्म वाऱ्यात गेला होता, ते दिवाणांचे घरी आले आणि म्हणाले, "पंत, जाताना वारा ढकलतो, तोच येताना छाताडावर बसतो. हिवाळ्यात तर विचारू नका. दर तीन आसनांत एक रिकामे ठेवू द्या, तेवढे तेल जास्त घेतो, म्हणजे निभेल."

पंत म्हणाले, "शेजारी भरलेले विमान आणितात की नाही?"

"आणितात."

"मग त्यांचा वारा निराळा आहे काय?"

 धाकोजी मान हालवून गेले, आणि पंतांस वाटले की आपण जिंकलो. मग त्यांनी आसने भरविली आणि बेटावरचा नाका मोडावा म्हणून हुकूम लिहून त्यावर शिक्का केला. इकडे दोन्ही राज्यांनी उतारू ओढण्यास भाडे उतरविण्याचा सपाटा लाविला, आणि दोघांचेही खजिने झिजू लागले, आणि दोघेही शेजाऱ्याचा खजिना आपल्याहून अधिक झिजतो आहे या समाधानात झोपत. कार्तिकात वारा बेताचा होता, तो महिना काठावर निभावला. धाकोजी दर फेरीनंतर दोन दिवस कोणाशी बोलत नसत. पंतांनी ते पाहिले होते, परंतु पाहून न पाहिल्यासारखे केले.

मग मार्गशीर्षी पैलतीरच्या राजियांचे कन्येचे लग्न निघाले. आमचेकडून अंतोपंत गेले, शेजारचे दिवाण भिवराव गेले, आणि दोघांनी मांडवात एकमेकांचे विमानाची तोंडभर स्तुती केली. परतीस भिवराव आधी निघाले. पाठोपाठ आमचे विमान भरल्या आसनांनी निघाले, आणि अर्धा सागर मागे पडला तोच वरचा वारा ऐसा तोंडावर आला की विमान पुढे जाते आहे की जागीच आहे हे कळेना. धाकोजी पंतांजवळ आले आणि वाकून हळूच म्हणाले, "तेल घरापर्यंत पुरत नाही. बेट अजून आवाक्यात आहे. थोड्या वेळाने तेही राहणार नाही. काय करू, सांगा."

 पंतांचे डोळ्यांपुढे दरबार आला, राजे दिसले, आणि शेजाऱ्यांचे हसणे ऐकू आले. म्हणाले, "भिवराव आत्ताच या वाऱ्यातून गेले. त्यांचे निभते आणि आपले का निभत नाही?" धाकोजी म्हणाले, "ते मला ठाऊक नाही. माझे तेल मला ठाऊक आहे." शेजारचे आसनावर एक लेकुरवाळी बाई बसली होती. तिचे तान्हे पोर केव्हापासून हात लांब करून पंतांचे पगडीचा गोंडा ओढीत होते, आणि ती बिचारी ओशाळून पुन्हा पुन्हा त्याचा हात सोडवीत होती. पंतांनी त्या पोराकडे पाहिले. मग पगडी उतरवून त्याचे पुढ्यात ठेविली आणि धाकोजींस म्हणाले, "उतरा."

उतरताना पंतांस दुसरे भय पडले, की नाका तर आपणच मोडविला, धावपट्टीवर रान माजले असेल आणि तेल कोठून असणार. परंतु ढग फाटले तो खाली धावपट्टी झाडून लख्ख होती, आणि तिचे कडेस शेजारच्या राज्याचे विमान उभे होते. त्याचे सगळे पडदे ओढलेले होते. आत उतारूंस जायफळ घातलेले दूध पाजून निजविले होते आणि विमान ढगांवर विसावले आहे ऐसे सांगितले होते. नाक्याचे ओटीवर भिवराव बसले होते, पगडी मांडीवर होती आणि हातात गुळाचा खडा होता.

जैतूबाईने सगळ्या उतारूंस गूळपाणी वाटिले, मग पंतांपुढे ठेविले आणि काही पुसिले नाही. पंतच म्हणाले, "बाई, हुकूम पोचला नव्हता काय?"

"पोचला की. उशाखाली हाय," बाई म्हणाली. "पर वरून मानूस जातंय आन् खाली गवत वाढू द्यायचं, जीव झाला न्हाई बगा."

मग भिवरावांनी सगळे सांगितले. त्यांची विमाने येताना हिवाळा लागल्यापासून रोज येथे उतरत होती. तेल ते गलबताने चोरून आणवीत. "आमचे राजियांपुढे मीही पगडीची पैज लाविली आहे," ते म्हणाले. "तुम्ही एका दमात येता, हे पाहून आमचे राजे मला श्वास घेऊ देत नाहीत. तेल आमचे आहे, हवे तितके घ्या. तुम्ही आम्हांस पाहिले नाही, आम्ही तुम्हांस पाहिले नाही. दोघांचीही पगडी राहते."

पंतांनी गुळाचा खडा हातात धरिला. तोड सोपी होती, आणि मन तिकडे धावत होते, हे खोटे कशास लिहावे. मग म्हणाले, "भिवराव, तुमची भरलेली आसने पाहून मी आमची भरविली. तुमची लबाडी मी खरी मानिली आणि आज दोनशे माणसे पाण्यात घालीत होतो. उद्या मी नसेन, धाकोजी नसतील. कोणी नवा दिवाण आपली दोघांची लबाडी खरी मानील, त्याचा सारंग बेटावर उतरणार नाही, आणि मग?" भिवरावांनी मान खाली घातली. पंतांनी गूळ तोंडात टाकिला, पाणी प्याले, भिवरावांचेच तेल घेतले आणि निघाले.

घरी येताच पंत अनवाणी दरबारात गेले आणि पगडी राजियांचे पायी ठेवून म्हणाले, "महाराज, आपले विमान बेटावर टेकले. हिवाळ्यात भरलेले विमान एका दमात येत नाही. दोष सारंगांचा नव्हे, माझा आहे." राजे लाल झाले आणि म्हणाले, "मग शेजाऱ्यांचे कसे येते?" सगळा दरबार पंतांचे तोंडाकडे पाहू लागला. पंतांनी गूळ खाल्ला होता. म्हणाले, "ते मी सांगू शकत नाही." धाकोजी मागे उभे होते, त्यांनीही गूळ खाल्ला होता, त्यांचे डोळे भरून आले. राजियांनी पगडी दुसऱ्याचे डोईस दिधली. परंतु राजे हट्टी असले तरी निर्दय नव्हते. येताना बेटावर थांबत जावे, ऐसा हुकूम त्याच दिवशी केला. पंतांनी एकच मागणे मागितले, ते बेटावरचे चाकरीचे. लोक हसले. शेजारच्या राज्यात कवने झाली, त्यांत पंतांस गूळखाऊ दिवाण म्हटले होते, आणि ती आमचे गावीही पोरे म्हणत.

पंत बेटावर राहिले. जैतूबाई धावपट्टी झाडी आणि पंत घागर भरीत, आणि आमची विमाने दिवसाढवळ्या उतरत, उतारू पाय मोकळे करीत आणि पुढे जात. शेजाऱ्यांची विमाने पडदे ओढून येत. पंत त्यांचे सारंगांसही गूळपाणी देत आणि काही बोलत नसत. मग फाल्गुनात एके दुपारी शेजाऱ्यांचे विमान उतरले, त्याचे सगळे पडदे उघडे होते, आणि लहानथोर खिडक्यांतून समुद्र पाहत होते. सर्वांमागून भिवराव उतरले. त्यांचे डोईस पगडी नव्हती. ते ओटीवर येऊन उभे राहिले आणि काही सांगावयास लागले, तो अंतोपंतांनी त्यांचे हाती आधी गूळ ठेविला आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

ऐसी ही हकीकत आहे. दोन दिवाणांच्या पगड्या गेल्या आणि महासागर होता तितकाच रुंद राहिला. धावपट्टी अद्याप झाडलेली असते. वाचणाराने चूकभूल पोटात घालावी.