क्लबहाउसमधील मनोशक्तीच्या वापराबाबत

माणसाला कोणतीही शक्ती लाभली की तिचा पहिला प्रयोग तो घरच्यांवर करतो, हे इतिहासाने वेळोवेळी सिद्ध केले आहे. (कोणत्या इतिहासाने, हे मला विचारू नये. मी कॉमर्सची आहे.)

आमच्या वाघोलीच्या सोसायटीत दर रविवारी अकरा ते एक नऊ मुलं क्लबहाउसमध्ये टेबलाभोवती बसून एका काल्पनिक राज्यात हिंडतात. पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येकाकडे आपल्या पात्राचा एक कागद आणि मधोमध वीस बाजूंचा फासा. खेळ चालवतो बी विंगमधला फैझल. तो आयटीत आहे, त्यामुळे अस्तित्वात नसलेल्या गोष्टींबद्दल आत्मविश्वासाने बोलायची त्याला सवय आहे. कुणी योद्धा झालं, कुणी जादूगार. माझी दहा वर्षांची कल्याणी सायकिक झाली.

सायकिक हा वर्ग जादूगाराहून श्रेष्ठ आहे, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. जादूगाराला मंत्र लागतो, पोथी लागते, घुबडाचं पीस लागतं. सायकिक नुसता बघतो. बघून समोरच्याच्या मनातलं ओळखतो, हात न लावता वस्तू हलवतो, भिंतीपलीकडचं पाहतो. त्याला रोज ठरावीक मनोबल मिळतं; ते संपलं की तो चिडचिड करतो.

फैझलने हे वाचून दाखवलं तेव्हा भिंतीशी खुर्च्या टाकून बसलेल्या आम्ही सहा आया एकमेकींकडे बघू लागलो. डब्याच्या वजनावरून भाजी उरलीय हे मला झाकण न उघडता कळतं. नवरा सोफ्यावरून उठतो तो माझ्या नजरेने. भिंतीपलीकडच्यासाठी लाइव्ह लोकेशन आहेच. आणि मनोबल म्हणाल, तर ते स्कूलबस येईपर्यंतच संपलेलं असतं. मी तिथल्या तिथे पाहणी केली: सहापैकी सहा आयांना आपल्या मुलाच्या मनातलं सगळं कळतं. (मुलांना विचारलं नाही. गरज वाटली नाही.)

क्लबहाउसच्या अर्जात ‘उपक्रम’ या रकान्यात फैझलने प्रामाणिकपणे ‘मन वाचणे, इत्यादी’ असं लिहिलं होतं. सोसायटीचे सेक्रेटरी बापूराव यांनी अर्ज मंजूर केला आणि त्याच संध्याकाळी बोर्डावर सूचना लावली:

१. दुसऱ्याच्या मनात शिरताना पादत्राणे बाहेर काढावीत.
२. भाडेकरूंची मने वाचण्यापूर्वी मालकाचे लेखी संमतिपत्र आणावे.
३. वाचून झालेले विचार जागच्या जागी ठेवावेत.
४. कमिटी सदस्यांच्या मनात काही नसते. उगाच शोधू नये.

मुलं राज्यात हिंडत असताना आम्ही मागून मदत करायचो. “अगं, उजवीकडचं दार उघड!” “ड्रॅगनशी नीट बोल, सर म्हण!” तिसऱ्या रविवारी फैझल उठला. “काकू,” तो म्हणाला (तो एकोणतीसचा, मी चौतीसची), “जो मागून बोलेल त्याला पात्र मिळेल.” अशा रीतीने मी धर्मशाळेची मालकीण झाले.

इथे एक गोष्ट सांगणं भाग आहे. आदल्या शुक्रवारी मी कल्याणीसाठी एका फाउंडेशन क्लासचा फॉर्म भरला होता. वार रविवार, वेळ अकरा ते एक. तिला अजून सांगितलं नव्हतं. योग्य वेळ बघत होते. (योग्य वेळ म्हणजे क्लास सुरू झाल्यानंतरची.) शाळेच्या प्रगतिपुस्तकात दोन वर्षं ‘वर्गात बोलत नाही’ असा शेरा मिळवणारी ही मुलगी या टेबलावर राक्षसाशी हुज्जत घालते, हे मला दिसत होतं. पण राक्षसावर परीक्षेत प्रश्न येत नाहीत.

“ही मालकीण काहीतरी लपवतेय,” कल्याणी एकदम म्हणाली. “मी तिचं मन वाचते.”

“काकू, प्रतिकार करता येईल,” फैझल म्हणाला. “पंधराच्या वर टाका. नाहीतर मनात जे असेल ते सांगावं लागेल.”

“खरं?”

“खरंच. नियम आहे.”

त्या क्षणी माझ्या मनात धर्मशाळा नव्हती, राज्य नव्हतं. फक्त तो फॉर्म होता, फोटोसकट. मी फासा टाकला.

वीस.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. “मालकिणीचं मन बंद!” फैझलने जाहीर केलं. शेजारची श्रद्धाची आई म्हणाली, “वाटलंच. बँकेत होत्या ना आधी.” मी दोन्ही हात वर करून आनंद व्यक्त केला.

परत येताना लिफ्टमध्ये कल्याणीने विचारलं, “आई, क्लास येत्या रविवारपासून का त्याच्या पुढच्या?”

“कुठला क्लास?”

“‘प्रवेश निश्चित’वाला. तुझ्या फोनचा पिन माझी जन्मतारीख आहे, आई.”

“माहीत होतं तर मग मन कशाला वाचलंस?”

“तुला सांगायचा चान्स देत होते.” ती मजल्यांचे आकडे बघत होती. “वीस पडल्यावर केवढी नाचलीस तू.”

आमचा मजला आला. मी बाहेर पडले नाही; लिफ्टमध्येच उभी राहून प्रवेश रद्द करण्याचा फॉर्म भरला. कारणांच्या यादीत ‘स्थलांतर’, ‘आजारपण’ आणि ‘इतर’ होतं. मी ‘इतर’ निवडलं. कल्याणी पायाने दार अडवून उभी होती. म्हणाली, “पुढच्या रविवारी धर्मशाळेत आम्हाला फुकट जेवण दे. मग विसरते.”

तो ‘प्रवेश निश्चित’चा मेसेज नंतर मी शोधून काढला. मी स्वतः तो शुक्रवारीच वाचला होता, तरी ठळक अक्षरांत, न वाचलेला म्हणून दिसत होता. बापूरावांचा नियम क्रमांक तीन आमच्या घरी आधीपासूनच काटेकोरपणे पाळला जात होता.

तेव्हा आपल्या मुलाच्या मनातलं आपल्याला सगळं कळतं, अशी खात्री असलेल्या वाचकांनी घाबरून जाऊ नये. शेजारच्या खोलीत ते आत्ता अगदी शांत बसलेलं असेल. तुमचा फोनही तुम्ही जिथे ठेवला होता तिथेच, अगदी तसाच असेल.