चव्वेचाळीस पायांतला एक

सोमवारी सकाळी साडेनऊला भोजनगृहाच्या व्हरांड्यात नऊ फिडल, सहा बँजो, चार गिटारी, दोन मँडोलिन आणि एक डबल बेस इतकी वाद्यं होती. वाजवणारी माणसं बावीस, म्हणजे पाय चव्वेचाळीस. त्यांतल्या एकाच पायाला अर्थ होता, आणि तो नेमका त्याच सकाळी मुरगळला होता.

पाय डेन्झिल स्टॅलनेकरचा, उजवा. डेन्झिल चौऱ्याहत्तर वर्षांचा. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातल्या या शिबिरात तो सव्वीस उन्हाळे जुन्या चालींचा वर्ग घेत होता. जुन्या चालीला शेवट नसतो. तेहेतीस सेकंदांची एक फेरी, ती संपली की पुन्हा तीच. पुढच्या खुर्चीवरच्या फिडलवाल्याने पाय उचलला की सगळ्यांना कळतं, ही शेवटची. ओरडून चाल थांबवणं म्हणजे जेवणाऱ्याच्या पुढ्यातलं ताट ओढणं. असं इथे कुणी करत नाही.

न्याहारी करून खाली येताना डेन्झिलने तीन पायऱ्यांच्या जिन्याला चौथी पायरी आहे असं धरलं. पडता पडता त्याने फिडल दोन्ही हातांनी वर उचललं. फिडल वाचलं, घोटा गेला.

"शुक्रवार दुपारपर्यंत पाय कमरेच्या वर," शिबिराची परिचारिका शेल्बी पट्टी बांधत म्हणाली. "खाली टेकलेला दिसला ना डेन्झिलकाका, तर गाडीत घालून घरी पोचवीन."

"माझी बोटं शाबूत आहेत, पोरी. मी काय पायानं वाजवतो?"

आठवडा सोडून जाणं डेन्झिलला परवडणारं नव्हतं. गेल्या वर्षी शुक्रवारच्या नाचात त्याचा डोळा लागला, म्हणजे त्याच्या मते नुसता मिटला, आणि एक चाल एकोणीस मिनिटं चालली. नाचणाऱ्या दोन जोड्या बाकावर आडव्या झाल्या. शिबिराची संचालिका कॉरिन हिने यंदा त्याला स्पष्टच सांगितलं होतं, "काका, शुक्रवारी एकही चाल दहा मिनिटांच्या पुढे गेली, तर पुढल्या वर्षी त्या खुर्चीवर कोल बसेल." कोल ब्लूग्रासवाला, म्हणजे नव्या, वेगवान लोकसंगीताचा. त्यांच्यात प्रत्येकजण पाळीपाळीने एकटा चमकतो आणि तीन मिनिटांत सगळं आटोपून घामही पुसून होतो.

"कोल त्या खुर्चीवर बसला तर खुर्ची स्वतःहून उठून जाईल," एवढंच डेन्झिल म्हणाला होता.

तर सोमवारी त्याने पट्टी बांधलेला पाय बँजोच्या उभ्या पेटीवर ठेवला आणि पहिली चाल धरली. तेहेतीस सेकंदांनी सगळे थांबले.

"काय झालं? येत नाही का ही? बरं, सोपी घेऊ."

दुसरी चाल. तेहेतीस सेकंद. तिसरी, तीच गत.

"अरे, तुम्ही शिकायला आलात की हजेरी लावायला?"

मागच्या रांगेतून त्याची बायको व्हर्ना गिटारवरून मान वर न करता म्हणाली, "डेन्झिल, तुझा पाय वर आहे."

"तो वरच राहणार! शेल्बीनं सांगितलंय!"

"मग आम्हीही थांबतच राहणार."

डेन्झिलने जाहीर केलं की उजवा पाय आठवडाभर रजेवर आहे, डावा बघा. ही सूचना फिडलवाल्यांनी आणि गिटारवाल्यांनी ऐकली. बँजोवाले तेव्हा सूर जुळवत होते, आणि सूर जुळवणारा बँजोवाला जगातलं काहीच ऐकत नाही. पुढच्या चालीला पहिल्या फेरीनंतर सहा बँजो थांबले, बाकी सोळा वाद्यं पुढे गेली.

"आहा, किती छान वाटतंय," एक फिडलवाली म्हणाली. "हे असंच ठेवता येईल का?"

"मी दाढ काढून दिल्यावर लोक असंच म्हणायचे," निवृत्त दंतवैद्य एल्डन बँजो मांडीवर आडवा ठेवत म्हणाला. "पण काका, डावा पाय उचलून तर दाखवा एकदा."

बाराव्या फेरीला डेन्झिलने डावा पाय उचलला. उजवा आधीच हवेत होता. खुर्ची मागे कलली, मागे डबल बेस होता, बेसच्या मागे बेसवाला आणि त्याच्या मागे कठडा. फिडल पुन्हा वाचलं. बेसच्या पोटाला पोचा आला आणि बेसवाल्याच्या मनालाही.

"आता हात असलेली खुर्ची," शेल्बी धावत येऊन म्हणाली. "आणि दुसरा पाय खिळ्यानं ठोकल्यासारखा जमिनीवर. एकदा आणखी पडलात तर घरी!"

मंगळवारी सकाळी डेन्झिलने तोडगा काढला. तो व्हर्नाकडे नुसती मान हलवणार, आणि पाय व्हर्ना उचलणार. व्हर्नाला मागच्या रांगेतून पुढे, त्याच्या शेजारी आणण्यात आलं. एक्केचाळीस वर्षं ती त्याच्या पाठीमागे बसून तीनच स्वरमेळ वाजवत आली होती आणि त्याचा पाय कधी उचलला जातोय याची वाट बघत आली होती. तिने लाल कापडी बूट घातले होते.

"सगळ्यांनी ऐका," डेन्झिल म्हणाला. "बँजो, तुम्हीपण! डेन्झिलचा पाय खोटा. व्हर्नाचा पाय खरा. म्हणा."

"डेन्झिलचा पाय खोटा, व्हर्नाचा पाय खरा!"

"आणखी एकदा. मोठ्यांदा."

शिकवण्यात डेन्झिलचा हात धरणारा त्या डोंगरात कुणी नव्हता. दर चालीआधी तो हे वाक्य म्हणवून घ्यायचा. मधेच मुद्दाम पट्टीचा पाय हलवायचा, आणि जो फसेल त्याला सर्वांसमोर एकट्याने वाजवायला लावायचा. बुधवार दुपारपर्यंत कुणी फसेनासं झालं.

अडचण वेगळीच निघाली. व्हर्ना त्याच्या मानेची वाट बघेना.

"इतक्यात? दोनच फेऱ्या झाल्या!"

"मला पुरे झाली ही."

"मी मान हलवली होती का?"

"माशी बसली असेल म्हणून हलली असेल, मला वाटलं हलली."

मग एखादी आवडती चाल आली की ती लाल बूट जमिनीला चिकटवून वीस-वीस फेऱ्या बसायची. डेन्झिल मान हलवून हलवून दमायचा. वर्गाचं लक्ष बुटावर. वर्ग खूश होता.

गुरुवारी जेवताना डेन्झिल राजमा मक्याच्या कॉर्नब्रेडवर ओतत म्हणाला, "उद्या दुपारी पट्टी सुटतेय. पाय ज्याचा त्याच्याकडे परत."

व्हर्नाने कॉर्नब्रेडला लोणी लावलं. सगळ्या कोपऱ्यांपर्यंत. "बघू," ती म्हणाली.

शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला, उन्हं अजून टेकडीवर असताना, नाच सुरू झाला. लाकडी जमिनीवर तीस जोड्या. दाराशी कॉरिन, गळ्यात घड्याळ. तिच्या शेजारी हाताची घडी घालून कोल. मंचावर पुढच्या खुर्चीत डेन्झिल, दोन्ही पाय मोकळे, आणि शेजारी व्हर्ना.

सातव्या मिनिटाला नाच पुकारणाऱ्या, म्हणजे जोड्यांना कसं फिरायचं ते ओरडून सांगणाऱ्या बाईने हात वर केला, म्हणजे नाच आटपला, आता थांबवा. डेन्झिलने दिमाखात उजवा पाय उचलला.

कुणी थांबलं नाही.

त्याने पाय आणखी वर नेला. एल्डन त्याच्याकडे बघून प्रेमाने हसला. तीन दिवस फसवलंत, आज नाही फसणार! वीसच्या वीस जणांच्या नजरा लाल बुटावर होत्या, आणि लाल बूट ताल धरत होता.

डेन्झिल ओरडला. साठ माणसं पायांनी फळ्या बडवत असताना तो काय ओरडतोय ते कुणालाच कळलं नाही. त्याने वाजवणं थांबवलं. पुढच्या फिडलवाल्याची तार तुटली की बाकीच्यांनी सांभाळून घ्यायचं असतं, हे त्यानेच शिकवलं होतं. त्यांनी सांभाळून घेतलं, दुप्पट जोराने. पुकारणारी बाई नाइलाजाने जोड्यांना पुन्हा गोल फिरवू लागली.

पंधरावी फेरी संपली. दाराशी कोल घडी सोडून बोटं मोडू लागला. अठरावीनंतर थांबले तर खुर्ची वाचणार होती. एकोणिसावी सुरू झाली तर नाही.

डेन्झिल व्हर्नाच्या कानाशी वाकला. "व्हर्ना, पाय उचल."

"कुणाचा?"

"चेष्टा नको! तुझा!"

"तुझा परत मिळाला ना तुला?" ती छताच्या तुळईकडे बघत वाजवत होती. सोळावी गेली.

"काय पाहिजे तुला? परत मागं बसायचं नाही, तर नको बसू. इथंच बस."

"ते तर बसणारच आहे."

"मग आणखी काय?"

"पुढल्या वर्षी. आणि त्याच्या पुढल्या. चाल तुझी, पाय माझा."

डेन्झिलने दाराकडे पाहिलं. कॉरिनने घड्याळ डोळ्यांजवळ धरलं होतं. कोल खुर्चीकडे बघत होता, जणू उंची बरोबर आहे का ते पाहत असावा. सतरावी संपत आली.

"मंगळवारपुरता," डेन्झिल म्हणाला.

व्हर्नाने ताल धरला.

"मंगळवार, बुधवार!"

अठरावी फेरी सुरू झाली.

"सगळे वार! कायमचा! पाय तुझा!"

"मोठ्यांदा म्हण. बँजोलाही ऐकू जाऊ दे."

"डेन्झिलचा पाय खोटा!" डेन्झिल छाती फोडून ओरडला. "व्हर्नाचा पाय खरा!"

सवयीने वीस तोंडांनी वाजवता वाजवता त्याची री ओढली. लाल बूट वर गेला. डेन्झिलने फिडल हनुवटीखाली घातलं आणि उरलेली अर्धी फेरी अशी वाजवली की कोलसुद्धा मान डोलवू लागला. शेवटच्या स्वराला सगळी वाद्यं आणि तीस जोड्या एकदम थांबल्या.

कॉरिनने घड्याळाचं बटण दाबलं.

नऊ मिनिटं चौपन्न सेकंद.